जाताना सव्वासतरा, येताना सोळा

मेहरूण, जळगाव
दि. ५ जानेवारी २०२५, रविवार

चि. संघमित्रा हिला आबांचा सप्रेम जय भीम.

इकडे थंडी बरी आहे. माझी तब्येत ठीक. गुडघा जसा होता तसाच आहे, त्याची चौकशी करत जाऊ नकोस. बी.पी.ची गोळी वेळेवर घेतो.

नवीन वर्षाचा तुझा फोन आला तेव्हा मी कमी बोललो. फोनवर मला विचार करता येत नाही. तू बोलत असतेस, मी ऐकत असतो, आणि जे विचारायचं ते फोन ठेवल्यावर आठवतं. म्हणून लिहितो. पोस्टात विचारलं तर बाबू म्हणाला, न्यूझीलंडला पत्र कधी पंधरा दिवसांत जातं, कधी महिन्यात, सांगता येत नाही. जी गाडी कधी पोचेल ते सांगता येत नाही, तिच्यात मी काही पाठवत नाही. शेजारच्या पुष्पाबाईंनी कागदाचा फोटो काढून कसा पाठवायचा ते शिकवलं. अंगणवाडीतून रिटायर झाल्या तरी शिकवायची खोड गेलेली नाही. ‘आबा, कागद सरळ धरा, अंगठा बाजूला घ्या,’ म्हणतात. कुठे अंगठा आला असेल तर समजून घे.

आता मुद्द्याचं.

डिसेंबरात तू हॉस्पिटलच्या ट्रेनिंगसाठी आठ दिवस दुबईला जाऊन आलीस. जायच्या आधी सांगितलं नाहीस, आल्यावर सांगितलंस. असो. मी सहज विचारलं, प्रवासाला किती वेळ लागला. तू म्हणालीस, ऑकलंडहून रात्री नऊला निघाले, पहाटे सव्वापाचला दुबईला उतरले. मी बोटं मोजली, सव्वाआठ तास झाले. तू म्हणालीस, नाही आबा, सव्वासतरा. येताना सकाळी दहाला निघालीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला उतरलीस. हे झाले पंचवीस. तू म्हणालीस, नाही आबा, सोळा.

घड्याळाचा फरक मला कळतो. नववी नापास असलो तरी एवढं कळतं. तुमच्याकडे दिवस आधी उगवतो, दुबईला नऊ तास मागून. ते नऊ तास एकदा मिळवले, एकदा वजा केले, की सव्वासतरा आणि सोळा बरोबर येतात. मी तीन वेळा मांडून पाहिलं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जायचा रस्ता तोच, यायचा रस्ता तोच. चौदा हजार दोनशे किलोमीटर, हा आकडा तुझाच. आमच्या एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा. म्हणजे दोन हजार तीनशे सहासष्ट टप्पे आणि वर थोडं. तेवढेच टप्पे जाताना, तेवढेच येताना. मग जाताना सव्वा तास जास्तीचा कुठे गेला?

मी धुळे स्टँडवर बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा कंट्रोलर म्हणून. गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता लागली एवढं बघून ड्रायव्हर वाटेत कुठे चहाला थांबला होता ते मी सांगायचो. तास कधी आपोआप हरवत नाहीत. कोणीतरी कुठेतरी थांबलेलं असतं.

दुसरी गोष्ट. दुबईहून मुंबई तीन तास. धुळ्याहून नाशिकला गेल्यासारखं. आठ दिवस तू तिथे होतीस. आणि २९ तारखेला मी शिरपूरला तुझ्या भावाकडे गेलो, तर युवराजच्या कपाटावर खजुराचा डबा होता, वर अरबी अक्षरं. मी सविताला विचारलं, हा कुठला? ती म्हणाली, ‘ताईंनी पाठवला.’ कोणाबरोबर? ‘आला कोणाबरोबर तरी.’ सून हुशार आहे, पण ती बोलताना माझ्याकडे बघत नव्हती.

मी सरळ विचारतो. तू मुंबईला येऊन भावाला भेटून गेलीस का? आणि जळगाव टाळलंस का? टाळलं असेल तर तसं सांग, मी काही बोलणार नाही. पण मला बाजूला ठेवून तुम्ही दोघं भेटत असाल, तर काय बोलता ते मला कळलं पाहिजे.

आणखी एक, सहज. तुझ्या ऑकलंडच्या घरातून निघून जळगावच्या घरात पाय ठेवेपर्यंत एकूण किती तास लागतात? समजा अडचण आली, त्याच दिवशी तिकीट काढलं आणि निघालीस, तर? विमान, मधला मुक्काम, मुंबईहून रेल्वे, सगळं धरून लिही. अंदाजे नको.

२२ फेब्रुवारीला आईला वर्ष होतं. विहारात सांगून ठेवलं आहे.

तुझा
आबा


मेहरूण, जळगाव
दि. २१ जानेवारी २०२५

चि. मित्रा हिला जय भीम.

तुझा फोन झाला. तू रागावली नाहीस, हसलीस. ‘आबा, वारा असतो,’ म्हणालीस. वरती फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहतो, दुबईकडे जाताना तो तोंडावर येतो, परत येताना पाठीवर. म्हणून सव्वा तास.

धुळ्याला बन्सीलाल म्हणून एक ड्रायव्हर होता, तुला आठवणार नाही. शिरपूर-धुळे गाडी. पंचावन्न किलोमीटरला एकदा पंचवीस मिनिटं लेट आला. मी खिडकीतून विचारलं, ‘काय रे, सासुरवाडीला जेवून आला का?’ तो म्हणाला, ‘साहेब, समोरून वारा होता.’ सगळा स्टँड हसला. मी त्याचा रिपोर्ट केला. पुढे वर्षभर त्याला बघितलं की लोक म्हणायचे, बन्सीलाल, आज वारा कसा आहे? आणि आता माझी मुलगी, शिकलेली, मला तेच सांगते.

मी विश्वास ठेवला नाही. खोटं कशाला बोलू. मी शिरपूरला गेलो.

सविताने चहा दिला. डबा तिथेच होता, कपाटावर. मी खाली काढून बघितला, सील तसंच. तीन आठवडे झाले, घरात दोन मुलं, आणि खजूर कोणी फोडला नाही. मला हे जास्तच चमत्कारिक वाटलं. सवितानं शेवटी सांगितलं, धरणगावची दीपमाला दुबईला नर्स आहे, ती सुट्टीवर आली तेव्हा तिच्याबरोबर डबा आला. मी म्हणालो, पत्ता सांग. ती म्हणाली, ‘आबा, आता धरणगावला जाणार का तुम्ही? एका डब्यासाठी?’

युवराज घरीच होता. जरा गप्प होता. कॉलेजात परीक्षांचं काम असतं.

दुसऱ्या दिवशी धरणगावला गेलो. दीपमाला परत दुबईला गेलेली, पण तिची आई मंजुळाबाई भेटली. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हणालो, मी संघमित्राचा बाप. तिनं मला आधी पाणी दिलं. मग मी विचारायला लागलो, डबा कोणी दिला, कुठे दिला, संघमित्रा मुंबईपर्यंत बरोबर होती का. ती शेंगा सोलायची थांबली.

‘भाऊ,’ म्हणाली, ‘तुम्हनी पोर आठे उनी नही. ती उनी व्हती ते मन्ही पोर बोलती ना. तुम्हले पोरवर इसवास नही का?’

मी म्हणालो, आली नाही म्हणता ते ऐकलं, पोरीवर विश्वासही आहे, पण खात्री करून घेतो.

‘खात्री ढोरनी करतस, बाजारमा,’ ती म्हणाली, आणि मला शेंगांचं पातेलं सरकवलं. ‘बठा, सोला. तुम्हले काम नही म्हनीसन हाई सुचस.’ 

अर्धा तास मी तिच्या ओट्यावर शेंगा सोलल्या. तिनं मोबाईलवर दीपमालाशी बोलणं करून दिलं. ती म्हणाली, ‘काका, ताई दुबईत माझ्याच खोलीवर होती. रोज ट्रेनिंग, संध्याकाळी थकून यायची. एक दिवस सुट्टी होती, तेव्हा विमानतळावर जाऊन मुंबईच्या गाड्यांचा बोर्ड बघून आली.’ गाड्याच म्हणाली ती. मी विचारलं, कशाला? ‘सहज. म्हणाली, तीन तासांवर आलेय आणि जाता येत नाही, निदान नाव तरी वाचून येते.’

हे तू मला सांगितलं नाहीस.

तर तू आली नव्हतीस. मी चुकलो. वारा असतो हे पुष्पाबाईंच्या जावयानंही सांगितलं, तो ओझरला विमानाच्या कारखान्यात आहे. त्याचं नाव जेट स्ट्रीम का काय. बन्सीलाल आता हयात नाही. असता तरी त्याच्या गाडीला वारा लागला होता असं मी कबूल केलं नसतं.

आता तू दिलेला दुसरा आकडा. तू म्हणालीस, सगळं जुळलं तर घरापासून घरापर्यंत सव्वीस तास, नाही जुळलं तर तीस-बत्तीस. मला हे कमी वाटतं. सिंगापूरला विमान चुकत नाही का? थंडीत मुंबईला धुकं असतं. रेल्वे तर मनमाडच्या पुढे कायम रखडते. तुमच्याकडे रजा लगेच देत नाहीत, तूच म्हणायचीस. आणि त्याच दिवसाचं तिकीट मिळतं का? सगळं धरून चव्वेचाळीस तास होत नाहीत का? होत असतील बघ. घाई नाही, विचार करून सांग.

तुझा
आबा


मेहरूण, जळगाव
दि. ४ फेब्रुवारी २०२५

चि. मित्रा हिला जय भीम.

तिकीट काढल्याचं कळलं. १९ ला निघणार, २० ला दुपारी जळगावला. पुष्पाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पांढरा शर्ट इस्त्रीला टाका. मी टाकला.

तू विचारलंस, चव्वेचाळीसच का विचारता, असा आकडा कुठून आणलात. कुठून नाही, असाच मनात आला. म्हाताऱ्या माणसाच्या मनात काहीही येतं. तू म्हणतेस की चव्वेचाळीस कसेही केले तरी होत नाहीत, चालत आलं तरच होतील. बरं.

आता मी सांगतो ते ऐक. आल्यावर तू मेहरूणलाच थांब. शिरपूरला जाऊ नकोस. युवराज २२ ला सकाळी येईलच, कार्यक्रमाला. तेव्हा काय ते चारचौघांत बोलणं होईल. तो काही बोलला तर मनावर घेऊ नकोस. त्याचा स्वभाव हल्ली चिडका झाला आहे. तू त्याला आधी फोनही करू नकोस, म्हणजे विषय निघणार नाही. कोणता विषय असं विचारशील. कोणताही. भावाबहिणीत काही ना काही निघतं.

हॉस्पिटलचे जुने कागद मी आवरून ठेवले आहेत, तुला बघायला लागणार नाहीत.

तू म्हणालीस ते मी ऐकलं. ‘आबा, तुम्ही एकटेच असे आहात की तुम्ही वेळ सांगितली की मी घड्याळ बघत नाही.’

थंडी कमी होते आहे. तू येशील तेव्हा स्वेटर लागणार नाही.

आबा


मेहरूण, जळगाव
दि. १५ फेब्रुवारी २०२५, शनिवार

चि. मित्रा,

हे पत्र बसून वाच. ड्यूटीवर असशील तर ड्यूटी संपल्यावर वाच.

गेल्या वर्षी मी तुला सांगितलं की आई गुरुवारी पहाटे अस्वस्थ झाली, दवाखान्यात नेली, दोन तासांत गेली. ते खोटं आहे. तिला मंगळवारी, २० फेब्रुवारीला सकाळी साडेअकराला दाखल केलं. ती गेली गुरुवारी सात वाजून वीस मिनिटांनी. मध्ये चव्वेचाळीस तास होते, दहा मिनिटं कमी.

आकडा तिथून आला.

तुला आठवत असेल, त्याआधीच्या नोव्हेंबरात तू तिसऱ्यांदा येणं रद्द केलंस. मी फोनवर म्हणालो होतो, आता तू येशील तेव्हाच बोलू, तोवर माझा फोन येणार नाही. तू आईच्या फोनवर बोलायचीस. मी बाजूला बसून ऐकायचो. तू ‘आबा कुठे आहेत’ विचारायचीस आणि मी मान हलवून तिला खुणावायचो की नाही म्हण.

मंगळवारी डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालं आहे, दोन दिवस बघू, बहुतेक गुरुवारी घरी सोडू. दुपारी एकला आई म्हणाली, ‘मित्राले सांगं का?’ मी म्हणालो, सांगतो. फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेलो. तुझं नाव काढलं. तिथे पंधरा मिनिटं उभा होतो. मनात आलं, गुरुवारी ही घरी येईल, आणि मी मात्र आपणहून फोन केलेला असेन. आणि दुसरं आलं, ते खरं कारण. मला वाटलं, मी सांगेन आणि तू म्हणशील, आबा, रजा नाही. तू येणार नाहीस असा माझा संशय होता. जन्मभर मी लोकांचे टप्पे तपासले, आणि हा एक संशय मी तपासलाच नाही. एक बटण दाबायचं होतं.

आत आलो. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, ‘सांगितलं. निघाली ती.’

तिच्या तोंडावर जे आलं ते बघून मला मागे फिरता येईना.

मग ते विमान मला चालवावं लागलं. मला तेव्हा काही माहीत नव्हतं, किती तास, कुठून कसं. मी मनानेच टाइमटेबल केलं. ती म्हणाली, फोन लावून द्या, मी म्हणालो, विमानात लागत नाही. बुधवारी सकाळी विचारलं, कुठे आली? मी म्हणालो, सिंगापूरला उतरली, चहा घेते आहे. तिने नर्सला सांगितलं, मन्ही पोर सिंगापूरमा चहा पी राहिनी. नर्सही हसली. संध्याकाळी मी तुला मुंबईला उतरवलं. ती म्हणाली, आता तरी फोन लागेल. मी म्हणालो, बॅटरी संपली आहे, स्टेशनवरच्या माणसाच्या फोनवरून दोन शब्द बोलली. रेल्वेत बसवलं. पुढची स्टेशनं तिला पाठ होती, मला सांगावी लागली नाहीत. तीच म्हणायची, आता कल्याण गेलं असेल, आता नाशिक. मी फक्त हो म्हणत होतो. मनमाडला तिनं मला दटावलं, ‘तिले काही खाले मिळनं का, ते इचारं का तुम्ही?’

युवराज बुधवारी दुपारी आला. त्यालाही मी हेच सांगितलं. तो तुला फोन लावत होता, मी म्हणालो, राहू दे, लागत नाही.

गुरुवारी सकाळी तिचा श्वास जड झाला होता. साडेसहाला तिनं विचारलं, ‘कथी शे?’ कुठपर्यंत आली. मी म्हणालो, पाचोरा. पाऊण तासानं परत विचारलं. मी म्हणालो, पाचोराच, सिग्नल नाही. मित्रा, ती गाडी मी पाचोऱ्याला धरून ठेवली होती. पुढे आणली असती तर दारात कोणाला उभं करणार होतो? ती म्हणाली, घरी जाऊन पुष्पाबाईला सांगा, कळण्याची भाकर टाका, पोर उपाशी येईल. हे तिचं शेवटचं वाक्य. मी म्हणालो, सांगतो. ते तरी मी खरं केलं. दहनाहून आल्यावर पुष्पाबाईंना सांगितलं. त्यांनी काही न विचारता दोन भाकरी टाकल्या. त्या तशाच राहिल्या.

मग युवराजने विचारलं, ताई कुठे? मी त्याला म्हणालो, ती मुंबईला आलीच नव्हती, आईच्या समाधानासाठी मी बोलत होतो, ती निघते म्हणाली आणि रजा मिळाली नाही. निम्मं खरं, निम्मं तुझ्यावर ढकललं. त्यानंतर तुला फोन केला आणि तुला दोन तासांची गोष्ट सांगितली. तू रडत होतीस आणि म्हणत होतीस, दोन तासांत मी कशीही पोचले नसते, आबा, तुम्ही तरी काय करणार. तू माझी समजूत काढत होतीस.

माझ्या पत्रात शिरपूरला युवराज गप्प होता असं मी लिहिलं. तो गप्प नव्हता. मी डबा खाली काढला तेव्हा तो म्हणाला, ‘ठेवा तो वर. दोन दिवस माय दरवाजाकडे बघत होती. ताईला यायला जमलं नाही, आणि आता खजूर पाठवते.’ सविता मुलांना घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी तिथे डबा हातात घेऊन उभा होतो. एक शब्द बोलायचा होता. मी डबा वर ठेवला आणि म्हणालो, चहा गोड झाला आहे.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे. तुम्ही दोघं चोरून भेटला असाल याची मला भीती नव्हती, तुम्ही दोघांनी आपापली वेळ एकमेकांना सांगितली असेल याची होती. एकाचे चव्वेचाळीस तास आणि एकाचे दोन. तू सव्वीस म्हणालीस तेव्हा मी धुकं, रेल्वे, रजा, सगळं त्यात घालून बघितलं. चव्वेचाळीस होईनात. बत्तीस धरले, वर तिकिटाला तीन धरले, तरी तू बुधवारी रात्री बारापर्यंत पोचतेस. तिच्याजवळ सात तास तरी मिळाले असते. हे सात तास तुझे आणि तिचे होते, आणि ते व्हरांड्यात मी घेतले.

युवराजला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं. उद्या रविवार, तो घरी असतो. सकाळच्या गाडीनं शिरपूरला जातो आणि सांगतो. तो मला घराबाहेर काढील असं वाटतं, पण तू येणार नाहीस असंच वाटून मी एकदा चुकलो आहे, म्हणून अंदाज करत नाही. तू त्याच्यावर रागावू नकोस. वर्षभर तो तुझ्याशी तुटक वागला ते माझ्या शब्दावर. तुमच्यात जे तुटलं ते तुम्ही तोडलेलं नाही.

हे तू आल्यावर समोर बसून सांगावं असं पहिल्यांदा मनात होतं. पण मग तू इथे अडकली असतीस. परत फिरायचं म्हटलं तरी कार्यक्रम, पाहुणे, विहारातली माणसं, आणि विमान आणखी दहा दिवसांनी. म्हणून चार दिवस आधी लिहितो. तुला यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. तू का आली नाहीस हे लोक विचारतील. या वेळी मी खरं कारण सांगेन. विहारात सगळ्यांसमोर सांगेन, मला त्याचं काही नाही.

आलीस तर २० ला दुपारी मी स्टेशनवर असेन. मला तुझ्यासमोर येऊन उभं राहायचा हक्क आहे की नाही ते मी ठरवणार नाही. मी वर पुलावर उभा राहीन, पांढरा शर्ट. हाक मारणार नाही. तुला सरळ बाहेर जायचं असेल तर रिक्षा करून घरी जा, चावी पुष्पाबाईंकडे ठेवली आहे, आणि तू म्हणशील तोवर मी घरी येणार नाही. तू वर पाहिलंस तर खाली येतो.

तुला खोटी वेळ सांगितलेला,
आबा